खळ्यावरचा 'अग्निपथ'

१६ फेब्रुवारी १९९०, शुक्रवार. 'अग्निपथ' लागला आणि पहिल्याच खेळांपासून थिएटरवाल्यांकडे तक्रारी यायला लागल्या. आवाज फाटतोय, स्पीकर दुरुस्त करा, ऑपरेटर झोपलाय का! स्पीकर ठीक होते. पडद्यावरचा माणूसच घशात खडे अडकल्यासारखा बोलत होता. ज्या आवाजासाठी लोक वीस वर्षं तिकिटं काढत आले होते, तो खर्जातला, घुमणारा आवाज अमिताभ बच्चनने जाणूनबुजून घरी ठेवला होता. निर्मात्यांचं धाबं दणाणलं. अमिताभकडून नेहमीच्या आवाजात पुन्हा डबिंग करून घेतलं गेलं. पण तोवर पहिल्या आठवड्याची बोलवा गावभर झाली होती, आणि बोलवा पुन्हा डब करता येत नाही.

अमिताभचे दिवस तेव्हा काही बरे चालले नव्हते. १९८४ ला अलाहाबादहून खासदार झाला, बोफोर्सच्या धुराळ्यात १९८७ ला राजीनामा देऊन परत आला. १९८८ च्या 'शहेनशाह'ने हात दिला, पण त्यानंतर 'गंगा जमुना सरस्वती', 'तूफान', 'जादूगर' आणि 'मैं आज़ाद हूँ' असे ओळीने पडले. पब्लिकची चवही बदलत होती. 'कयामत से कयामत तक'ने १९८८ मध्ये कॉलेजातली पोरं थिएटरात परत आणली होती. 'अग्निपथ'च्या आधी जेमतेम सात आठवडे 'मैंने प्यार किया' लागला होता, आणि त्यातलं कबूतर, सलमान आणि आपला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर सगळं घरदार खूश होतं. अशा वेळी जवळजवळ तीन तासांचा, रक्ताने माखलेला, शेवटी नायक मरणारा सिनेमा घेऊन यायचं म्हणजे हिंमत हवी. किंवा हट्ट.

हट्ट दोघांचा होता. निर्माते यश जोहर यांनी १९७६ मध्ये धर्मा प्रॉडक्शन्स काढली. १९८० चा 'दोस्ताना' चालला, त्यानंतर मात्र तसं यश हाती लागत नव्हतं. 'अग्निपथ'मध्ये त्यांनी होतं नव्हतं ते ओतलं. दिग्दर्शक मुकुल आनंद तेव्हा चाळिशीच्या आतला. चौकट मोठी आखायची, धूर सोडायचा, कॅमेरा जमिनीलगत ठेवून माणूस डोंगराएवढा करायचा, ही त्याची रीत. ब्रायन डी पाल्माचा 'स्कारफेस' त्याने नीट पाहिला होता हे उघड आहे. गंमत अशी की १९८३ मध्ये 'स्कारफेस'वरही टीकाच जास्त झाली होती. वर्षातल्या सर्वांत वाईट कामांना दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारासाठी डी पाल्माचं नामांकन झालं होतं. पुढे तोच सिनेमा व्हिडिओवर घरोघरी पोचला आणि पूजला गेला. गुरूच्या वाटेने चेलाही गेला म्हणायचा.

पण 'अग्निपथ'ची मुळं 'स्कारफेस'च्या मायामीत शोधून भागत नाही, ती गिरणगावातही आहेत. नायक विजयच्या पात्रामागे गँगस्टर मन्या सुर्वे आहे असं कायम बोललं गेलं. मनोहर अर्जुन सुर्वे, दादरच्या कीर्ती कॉलेजचा पदवीधर. खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली, येरवड्याहून रत्नागिरीच्या तुरुंगात गेला आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये तिथून निसटला. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. मुंबई पोलिसांचं पहिलं एन्काउंटर म्हणून त्याचीच नोंद सांगितली जाते. त्यानंतर बरोब्बर आठवड्याने, १८ जानेवारीला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तो संप कागदोपत्री कधी मिटलाच नाही. बाप घरी बसलेले, पोरं नाक्यावर उभी, आणि नाक्यावरून भाईच्या गाडीत बसायला एक पाऊल पुरेसं. ते दशक पडद्यावर येत होतंच. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या 'अर्धसत्य'मध्ये सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आला. एन. चंद्रांचा 'अंकुश' आला, आणि १९८९ च्या शेवटी 'परिंदा'त नाना पाटेकरचा अण्णा. 'अग्निपथ' याच रांगेतला, फक्त झगमगीत कपडे घालून आलेला.

मराठी माणसाला हा सिनेमा पाहताना शेजारच्या आळीत आल्यासारखं वाटतं ते उगाच नाही. 'ज़ंजीर'मधला विजय खन्ना होता, 'दीवार'मधला विजय वर्मा. इथला विजय चव्हाण आहे, आणि तो तेवढ्यावर थांबत नाही. कमिशनरसमोर बसून तो स्वतःचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव आणि वय अशी सगळी कुंडली मांडतो. वय तर वर्षं, महिने, दिवस आणि चालू तासासकट. तहसील कचेरीत दाखल्याचा अर्ज भरणारा माणूसच जणू बोलतोय, फरक इतकाच की हा अर्ज करत नाही, दम देतो. समोर गायतोंडे कमिशनर म्हणून विक्रम गोखले. आई सुहासिनी झाली आहे रोहिणी हट्टंगडी, आणि ती प्रत्यक्षात आपल्या पोरापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान! 'गांधी'त सत्ताविसाव्या वर्षी कस्तुरबा केलेल्या बाईंना याचं काय वाटणार. मुलाच्या पैशाला न शिवणारी, त्याला जेवायला वाढता वाढता शब्दांनी सोलून काढणारी ती आई बघितली की वयाचा हिशेब डोक्यात येतच नाही. दीपक शिर्केंचा अण्णा शेट्टी आहे. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीचं, म्हणजे त्यातले अर्धे कुडाळकर. गणपतीच्या मिरवणुकीचं गाणंही आहे, त्यात सुदेश भोसलेंचा आवाज.

आणि मांडवा. अलिबाग तालुक्यातलं हे गाव खरंखुरं आहे. गेटवेवरून लाँचमध्ये बसलं की तासाभरात येणारा धक्का, तिथून पुढे अलिबागची बस. सिनेमात मात्र मांडवा म्हणजे कांचा चीनाने हेरलेला किनारा, गर्द उतरवण्यासाठी. गावातले मास्तर दीनानाथ, विजयचे वडील, आड येतात. जमीनदार दिनकरराव आणि कांचा मिळून बाईच्या नावाने त्यांची बदनामी करतात आणि ज्यांना मास्तरांनी शहाणं केलं त्या गावकऱ्यांच्याच हातून त्यांचा जीव घेतला जातो. बायको पोरांना घेऊन मुंबई गाठते. बाकीचा सिनेमा म्हणजे त्या पोराने गाव परत मिळवणं.

१९९० मध्ये समीक्षकांना हे गाव, हा खलनायक, हे किनाऱ्यावरचं राज्य फारच फिल्मी वाटलं. मग १९९३ उजाडलं. वर्षाच्या सुरुवातीला याच रायगडच्या किनाऱ्यावर, दिघीला आणि शेखाडीला, शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत स्फोटांची मालिका झाली. खाडीतलं एक झोपाळू गाव कुणाच्या तरी धंद्याचं बंदर होऊ शकतं, ही गोष्ट त्यानंतर कुणालाच फिल्मी वाटली नाही.

तेव्हा, १९९० च्या त्या वसंतात, सिनेमा पडला. अगदी आपटला असं म्हणता येणार नाही. अमिताभ आणि मिथुन एकत्र, कांचा झालेला डॅनी पहिल्यांदाच अमिताभसमोर, त्यामुळे गर्दी झाली आणि गल्लाही त्या वर्षीच्या मोठ्या चित्रपटांच्या पंक्तीत बसेल इतका जमला. पण खर्च त्याच्या वरताण होता. धंद्याच्या भाषेत नुकसान ते नुकसान. जूनमध्ये 'दिल' आणि 'घायल' एकाच दिवशी लागले आणि दोन्ही तुफान चालले. वर्ष संपेपर्यंत 'अग्निपथ'चं नाव निघायचं ते हळहळ करायलाच. यश जोहरांच्या मनाला हे अपयश फार लागलं, हे त्यांच्या मुलाने, करणने, पुढे अनेकदा सांगितलं आहे.

मानाची पानं मात्र मिळाली. अडतिसाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत अमिताभला उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. अभिनेता म्हणून तो त्याचा पहिलाच, आणि मिळाला तो लोकांनी नाकारलेल्या आवाजासाठी. फिल्मफेअरमध्ये सहायक भूमिकांचे दोन्ही पुरस्कार इथेच आले, मिथुन चक्रवर्ती आणि रोहिणी हट्टंगडी यांना. उत्कृष्ट अभिनेता तिथे 'घायल'चा सनी देओल ठरला. पुरस्कारांनी जुनी रिळं पुन्हा थिएटरात जात नाहीत. ती वेगळ्याच वाटेने निघाली, आणि त्यातली एक वाट ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या मुरबाड-शहापूरकडे आली.

मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. शहापूर गावाला ती आसनगावापुरती शिवून जाते. नवा पिक्चर बघायचा तर एसटीने कल्याण गाठायचं, आणि शेवटची गाडी चुकली तर स्टँडवर रात्र काढायची. म्हशाच्या अलीकडची-पलीकडची गावं, नारिवली, सिद्धगडच्या पायथ्याच्या वाड्या, इथल्या कुणबी, ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या पोरांनी पहिल्या आठवड्यात कुठला पिक्चर पाहिला असेल? त्यांच्याकडे पिक्चर उशिरा यायचा आणि व्हिडिओ होऊन यायचा. हळदीच्या रात्री, गणपतीत, कुणाच्या पूजेला, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे. टेंपोतून किंवा डोक्यावरून. लाइट गेली तर जनरेटर. भात झोडून मोकळ्या झालेल्या खळ्यावर गोणपाटं अंथरायची, आणि एका रात्रीत तीन पिक्चर. पहिला देवाधर्माचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा दादा कोंडके. तिसरा मारामारीचा, पहाटे दोननंतर, जेव्हा फक्त आम्ही पोरं जागी असायचो. मी 'अग्निपथ' पाहिला तो असा तिसऱ्या नंबरला.

आता त्या खळ्यावरच्या आवाजाची कल्पना करा. कॅसेट दहा गावं फिरून घासलेली, टीव्हीचा डबा एवढासा, बाजूला जनरेटरची घरघर. त्या टीव्हीत लता मंगेशकरसुद्धा घोगरीच ऐकू यायची. अमिताभचा आवाज बदललाय, ही तक्रार तिथे कोण करणार? थिएटरात ज्यावरून गोंधळ झाला ती गोष्ट इथे लक्षातच आली नाही, आणि जेव्हा आली तेव्हा आवडून गेली. शहरातल्या प्रेक्षकाने नट ऐकायला तिकीट काढलं होतं, तो त्याला मिळाला नाही. खळ्यावरच्या प्रेक्षकाला गावचा पोरगा दिसला. बापाला गावाने मारलं, आईने हात धरून मुंबईला नेलं, चाळीत वाढला, पैसा केला, आणि सगळी मुंबई खिशात असताना त्याच्या तोंडी एकच, माझं गाव. आमच्याकडच्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी मुंबईला गिरणीत, गोदीत, हमालीला गेलेलं. संपानंतर त्यातले कितीतरी परतलेले, काही कधीच न परतलेले. त्यांना विजयचं दुःख समजावून सांगावं लागत नव्हतं.

पहिला अर्धा तास तर सिद्धगडच्या छायेतल्या माणसाला परका वाटणं कठीणच. या डोंगराला एक खरी गोष्ट आहे. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी नाभिक घरात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, वकील झालेले, लोकांचे भाई. सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्याची कोठारं उभी केली, वाड्यावस्त्यांवर शाळा चालवल्या. १९४२ मध्ये भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. ज्या वाड्यांवरून ती वीज जात होती तिथे तेव्हा रॉकेलचे दिवेच होते. फितुरीने ठावठिकाणा फुटला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने सिद्धगडावरचा तळ घेरला. दस्त्यातले हिराजी पाटील आणि भाई दोघेही तिथेच गोळ्यांना बळी पडले. भाईंचं वय तीस. दरवर्षी २ जानेवारीला माणसं तो डोंगर चढून हुतात्म्यांना मानवंदना द्यायला जमतात.

गुंडाशी हुतात्म्याची तुलना कुणी करू नये आणि मीही करत नाही. पण मास्तर दीनानाथांचं पात्र बघताना, शाळा काढणारा माणूस, जमीनदार आणि बाहेरची सत्ता यांची हातमिळवणी, आतल्याच कुणीतरी दिलेली माहिती, हे सगळं आमच्या कानांवर आधीच पडलेलं होतं. भाईंवर २०२० मध्ये 'शहीद भाई कोतवाल' हा मराठी चित्रपट आला. तो मुंबईच्या थिएटरांत फार दिवस टिकणारा नव्हता, त्याची जागा खळ्यावरच होती. पण तोवर खळ्यावरचा व्हिडिओ संपला होता, आणि दोन महिन्यांत तर टाळेबंदीने थिएटरंच बंद झाली. वेळ चुकली. 'अग्निपथ' थिएटरात चुकला, पण व्हिडिओची वेळ त्याने अचूक गाठली.

मग आवाजाने सूड उगवला. नव्वदीच्या दशकात गावोगावच्या ऑर्केस्ट्रात मध्यंतराआधी एक मिमिक्रीवाला यायचा. त्याला अमिताभ करायचा असे, आणि 'दीवार'चा अमिताभ करायला खरा खर्ज लागतो, तो शंभरात एकाकडे असतो. 'अग्निपथ'चा अमिताभ कुणालाही जमतो. घसा आवळायचा, शब्द चावून सोडायचे, मधे थांबायचं. शाळेच्या गॅदरिंगला सातवीतला पोरगा पांढरा शर्ट घालून, खुर्चीवर पाय टाकून स्वतःचं संपूर्ण नाव सांगायचा, बापाच्या, आईच्या आणि गावाच्या नावासकट. मांडव्याच्या जागी आपलं गाव घातलं की टाळ्यांचा कडकडाट. ज्याच्यासाठी यश जोहरांना पुन्हा डबिंगचा खर्च करावा लागला, तो आवाज असा फुकटात सगळ्या महाराष्ट्राने स्वतःच्या घशात उतरवून घेतला. पुढे टीव्हीवर सिनेमा येत राहिला तोही घोगराच. साफ आवाजाची प्रत कुठे गेली याची कुणी चौकशी केली नाही.

१९९१ नंतर केबल आली, १९९२ ला झी. सिनेमाचे स्वतंत्र चॅनेल निघाले आणि त्यांना चोवीस तास भरायला काहीतरी हवं होतं. पडलेले सिनेमे स्वस्तात मिळायचे. अमिताभचा 'सूर्यवंशम' १९९९ मध्ये थिएटरात पडला आणि सेट मॅक्सवर पुढे पुन्हा पुन्हा लागत राहिला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'अग्निपथ'च्या बाबतीत चॅनेलवाल्यांना लोकांच्या माथी काही मारावं लागलं नाही. लोक वाटच बघत होते. ३ जुलै २००० ला 'कौन बनेगा करोड़पति' सुरू झालं. पिकल्या दाढीचा अमिताभ रोज रात्री घरात येऊन बसला, आणि त्याचे जुने पडलेले सिनेमे लोकांनी नव्या मायेने बघायला घेतले. तोवर मुकुल आनंद गेला होता. 'अग्निपथ'नंतर त्याने अमिताभ आणि डॅनीला घेऊनच 'हम' आणि 'ख़ुदा गवाह' केले, आणि ७ सप्टेंबर १९९७ रोजी, 'दस' अर्धवट असताना, ऐन पंचेचाळिशीत त्याचं निधन झालं. यश जोहर २००४ मध्ये गेले.

वडिलांचं राहिलेलं देणं फेडायचं म्हणून करण जोहरने 'अग्निपथ' पुन्हा काढला. दिग्दर्शक करण मल्होत्रा, विजय हृतिक रोशन, कांचा संजय दत्त. २६ जानेवारी २०१२ ला लागला आणि दणक्यात चालला. मांडवा म्हणून दाखवलेला किनारा मात्र दीवचा होता. संगीत अजय-अतुलचं, त्यामुळे मराठीपणा या खेपेला आणखी उघड झाला. गणपतीचं गाणं अजय गोगावलेंच्या आवाजात घुमलं, ते आजही मिरवणुकीत हटत नाही. आणि 'जत्रा' या मराठी सिनेमातल्या कोंबडीच्या गाण्याची 'चिकनी चमेली' झाली, ज्यावर मराठी पब्लिकने शेजाऱ्याला कोपर मारून सांगितलं, हे आपलं आहे.

हृतिकने काम चांगलं केलं. तो स्वतःच्या आवाजात बोलला, कुणाची तक्रार आली नाही, आणि त्याची मिमिक्रीही कुणी केली नाही. ऑर्केस्ट्रात आजही 'अग्निपथ' म्हटलं की घसा आवळूनच सुरुवात होते. नव्या प्रतीत संजय दत्त भीतिदायक आहे, ऋषी कपूरचा रौफ लाला तर मूळ सिनेमात नव्हता आणि असायला हवा होता असं वाटायला लावणारा. पण मूळ सिनेमातला शहाळी विकणारा कृष्णन अय्यर एम.ए., मिथुनने लुंगी लावून, अर्धं हिंदी अर्धं तमिळ बोलत, विजयइतकाच जीव लावून केलेला, तो त्यांनी साफ काढून टाकला. तीन तासांच्या मारामारीत थोडं हसवणारा आणि विजयच्या बहिणीवर साधंसुधं प्रेम करणारा एकुलता एक माणूस. एम.ए. होऊन शहाळी विकणारी पोरं तर २०१२ मध्ये १९९० पेक्षा जास्तच होती. का काढला, हे मला अजून पटलेलं नाही.